डाव्या पायाला काम नाही

९ जानेवारी

आज गॅरेजमध्ये बसल्या बसल्या एक जुनी संध्याकाळ आठवली. यांच्या कारखान्यामागे मोकळं मैदान होतं, तिथे हे मला गाडी शिकवत होते. खारू पाच वर्षांची, मागच्या सीटवर उभी. हे म्हणत होते, काट्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ, गिअर कानाने टाकायचा असतो. इंजिनाचा आवाज बदलला की डावा पाय खाली. एवढं अंगात मुरलं की गाडी आली. मी कान देऊन बसले. आवाज बदलला, मी क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी आचके खात बंद पडली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी लक्षात आलं की आवाज इंजिनाचा नव्हताच. मागे खारू तोंडाने घुर्र करत होती आणि मी तिच्या हुकमावर गिअर बदलत होते. हे इतके हसले की दार उघडून खाली उतरले. मग घरी येऊन आम्ही जेवलो. बाकी काही घडलं नाही त्या दिवशी.

उद्यापासून आम्ही तिघं पुन्हा एका गाडीत बसणार, म्हणून आठवलं असेल.

ही वही खारूने दिली आहे. लहानपणी तिच्या फ्रॉकच्या खिशात खारीने दाणे साठवावेत तसे नट-बोल्ट भरलेले असायचे, तेव्हापासून ती खारू. आता चौतीस वर्षांची आहे आणि खिसे तसेच आहेत. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिने आमच्याच गॅरेजमध्ये कारखाना काढला. जुनी पेट्रोलवर चालणारी व्हॅन घ्यायची, तिच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे विजेची मोटर बसवायची, बॅटरी खाली. कधी मोटरने ओढायचं, कधी इंजिनाने, कधी दोघांनी मिळून, हे ठरवणारा एक डबा असतो. त्या डब्याची अक्कल खारू लिहिते. लोखंडाचं सगळं हे बघतात. एकतीस वर्षं गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेली यांची, त्यामुळे लोखंडाशी यांचं बरं जमतं.

चालवणार मी. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं. आणि खारूला गाडी चालवता येत नाही. परीक्षेत दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी परीक्षकाला ब्रेक किती अंतरात लागायला हवा याचं गणित समजावून सांगत होती, तेवढ्यात लाल सिग्नल मागे पडला.

प्रत्येक फेरीला दहापैकी मार्क द्यायचे आणि मनात येईल ते लिहायचं, असं तिने बजावलं आहे. "आई, मनात येईल ते. चांगलं दिसेल ते नाही."

१० जानेवारी

पहिली फेरी. मार्क सात.

या गाडीत क्लचचं पेडल नाही. क्लच आहे, पण तो डबा आपला आपण दाबतो आणि सोडतो. मला हे सांगितलं होतं, पण पायाला कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर वेग वाढला, इंजिन जागं झालं, आवाज बदलला आणि माझा डावा पाय सवयीने खाली गेला. क्लचच्या जागी काहीच नव्हतं, म्हणून तो शेजारच्या घरी गेला, ब्रेकवर. चांगलाच दाबला गेला. हे मागे गिअरबॉक्सला कान लावून आडवे झाले होते, ते घरंगळत पुढच्या जाळीपर्यंत आले. खारूचा लॅपटॉप माझ्या खांद्यावर आदळला.

हे जाळीतून म्हणाले, "बाईसाहेब, डाव्या पायाला आता काम नाही. त्याला घरी ठेवून या."

तीन चकरांत पायाला शिस्त लावली. आता तो गुमान बसतो. बिचाऱ्याला रिकामं बसायची सवय नाही, म्हणून ब्रेकच्या कडेला नुसता टेकू देते. दाबायचं म्हणून नाही, माणूस शेजाऱ्याच्या कट्ट्यावर टेकतो तसं.

१४ जानेवारी

मार्क आठ.

खारू रागावली. चार दिवसांत मी कधी सातच्या खाली गेले नाही म्हणते. मी काय करू? बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आमच्या लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये मोठ्या सिस्टर सांगायच्या की, दुसऱ्याच्या कामाला वाईट म्हणू नये, 'अधिक प्रयत्न हवा' म्हणावं. ते हाडात गेलं आहे. शिवाय गाडीला मार्क द्यायचे म्हणजे निम्मे यांना आणि निम्मे हिला. कुणाचे कापायचे?

तरी खरं लिहायचं तर एक खोड आहे. सुरुवातीला मोटरवर गाडी लोण्यासारखी जाते. तिशीच्या वेगाला इंजिन सुरू होतं. मोटर आणि इंजिन सारख्या वेगाने फिरायला लागेपर्यंत डबा थांबतो आणि मग क्लच दोघांची गाठ घालून देतो. बरोबर त्याच क्षणी गाडी एक धक्का देते. उचकी लागल्यासारखा. दर वेळी नाही, पण दहातून सहा वेळा.

खारू म्हणाली, अगं आई, हे सोडून बाकी सगळं लिहिलंस. हाच तर कामाचा मुद्दा.

१९ जानेवारी

आज केकवाल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या बेकरीचे केक दोन शहरांत जातात, व्हॅन चाळीस. बाई अंगाने भरलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांना बारा व्हॅन अशा करून हव्यात. पण त्या म्हणाल्या, माझ्या मालाला धक्का चालत नाही. पेट्रोल वाचलं आणि क्रीम छताला लागलं तर मी काय करू?

त्यांनी सोबत एक तीन मजली पांढरा केक आणला होता. वर साखरेचा हंस. आम्ही गावाला वळसा घालून आलो. तीन धक्के बसले. परत आल्यावर मागचं दार उघडलं तर केक एकमजली झाला होता आणि हंस यांच्या मांडीवर होता. हे म्हणाले, गिअरबॉक्सचा काही दोष नाही. खारू म्हणाली, प्रोग्रामचा तर नाहीच नाही. दोघांची बाईंच्या समोरच जुंपली. बाई शांतपणे रुमालाने यांच्या बाहीवरचं क्रीम पुसत होत्या.

शेवटी बाईंनी सत्तावीस फेब्रुवारी ही तारीख दिली. तोच रस्ता, तसाच केक, मीच चालवणार. हंस जागेवर राहिला तर काम आपलं. मात्र गाड्या त्यांच्या मोठ्या भट्टीवर, त्या दुसऱ्या शहरातच बनवायच्या, खारूने तिथे दोन वर्षं राहायचं. हंस पडला तर नमस्कार. मग खारूला पुन्हा कुठेतरी नोकरी धरावी लागेल. त्या जुन्या कंपनीची आता इथे, आपल्याच गावात शाखा निघाली आहे, घ्यायला तयार आहेत म्हणे. तिथे जायच्या कल्पनेनेच पोरीचं तोंड उतरतं.

पडलेला केक चांगला होता. आठवडाभर पुरेल.

२३ जानेवारी

मार्क सात. धक्के पाच.

भांडणाचं मूळ मला समजलं तसं लिहिते. लॅपटॉपवर रेघा दिसतात. एक रेघ ब्रेकची आहे. पेडलच्या मागे एक छोटा स्विच असतो, पेडल जरा हललं की तो डब्याला कळवतो, ब्रेक लागला. धक्का बसतो त्या क्षणी ही रेघ टुणकन वर जाते. डबा समजतो, थांबायचंय. मग तो इंजिनाचा हात सोडतो आणि मोटर उलटी कामाला लागते, चाकांचा जोर बॅटरीत भरायला बघते. गाठ पडता पडता सुटली, की धक्का.

खारूने मला सरळ विचारलं, "आई, ब्रेक दाबलास?"

नाही म्हटलं. माझा पाय तर पेट्रोलवर होता. ब्रेक कसा दाबणार?

मग ती म्हणते स्विच खराब, म्हणजे बाबांचं काम कच्चं. हे म्हणतात, स्विच ठणठणीत आहे, तिच्या मोटरच्या जाड तारा शेजारून गेल्यात, त्यांच्या गडबडीने रेघ उठते. नाश्त्याला बसल्यापासून हेच. दोघंही जाम लावलेला पाव हातात धरून ओरडतात आणि खायचं विसरतात. मी पुन्हा गरम करून देते.

३० जानेवारी

यांनी स्विच बदलला. खारूने तारा दुसऱ्या बाजूने फिरवल्या. धक्के सहा. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला उगीचच नऊ मार्क द्यावेसे वाटले. दिले. खारूने खोडून चार केले.

४ फेब्रुवारी

आज यांनी वेगळंच केलं. गाडीत बसलेच नाहीत. म्हणाले, मी स्कूटरवाल्या शेजाऱ्यांच्या मागे बसून तुमच्या पाठीपाठी येतो, बाहेरून आवाज ऐकतो. ऑपरेशन झालेला डोळा आता लांबचं लख्ख पाहतो, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

परत आल्यावर मी चहा दिला. चहा थंड झाला तरी कपाकडे बघत बसले. मी विचारलं, काय ऐकलंत? म्हणाले, काही विशेष नाही. मग बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. चपला जुन्या झाल्यात माझ्या, लाज वाटली.

संध्याकाळी तर कमालच झाली. खारूजवळ जाऊन म्हणाले, तुझंच बरोबर होतं बाळा. स्विच माझा खराब आहे. चांगल्या प्रतीचा मागवतो, यायला वीस-पंचवीस दिवस लागतील. खारू बघतच राहिली. जन्मात पहिल्यांदा यांनी लोखंडाची चूक कबूल केली असेल.

आणि मग आपणहून गाडीच्या मागे गेले, लाल दिव्यांचे दोन्ही बल्ब काढून रुमालात बांधले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, धूळ बसलीय, पुसून ठेवतो. किती जपतात गाडीला. गल्लीतून मोठ्या रस्त्याला जाऊ नका, आपल्या मैदानातच फिरवा, असंही बजावलं.

११ फेब्रुवारी

मार्क सात.

नवा स्विच येईपर्यंत दोघांना भांडायला विषय नाही. त्यामुळे जेवताना गप्पा होतात. काल खारूने आपल्या जुन्या कंपनीतल्या साहेबांची नक्कल केली. हे ताट बाजूला सारून हसले. नंतर तिने माझ्या मांडीवर पाय टाकून पेपर वाचला. नोकरीची दहा वर्षं ती पाहुण्यासारखी यायची, बॅग न उघडता.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नव्हतं, पण ही वही माझी आहे. मार्कांचं पान तिला वेगळं लिहून देते. तर खरं असं की, तो धक्का मला आता नकोसा वाटत नाही. धक्का बसला की वाटतं, अजून आहे. तो गेला की ही गेली. यांना असलं काही सांगायची सोय नाही. पुरुषांना यंत्राच्या पलीकडचं सुचत नाही.

१५ फेब्रुवारी

चपला घेऊन चांभाराकडे गेले. म्हातारा उलटसुलट करून बघत बसला. उजवी कशी झिजली ते बघून मान डोलावली. डावी हातात घेतल्यावर म्हणाला, "क्लचवाल्यांची इथे झिजते, मधे. तुमची कडेला झिजलीय, आतल्या बाजूने. आणि हे बघा, रबराच्या रेघा उमटल्यात. काय दाबता?"

आमच्या गाडीला क्लचच नाही, मी म्हटलं.

"मग काय दाबता?" तो पुन्हा म्हणाला. चिडून नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तळ बदलून घेतला. घरी येताना पावलं जड झाली होती. नव्या तळामुळे असेल.

१६ फेब्रुवारी

राहवेना. दुपारी दोघं झोपलेली असताना गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले. मागे शटर बंद होतं. किल्ली फिरवली, डावा पाय रोज जिथे टेकतो तिथे टेकला आणि मान वळवून शटरकडे पाहिलं. ब्रेक लागला असता तर मागचे दिवे लागले असते आणि शटर लाल झालं असतं. झालं नाही. जरा जोर दिला. तरी नाही. देवाचे आभार मानले.

चांभाराला काय कळतंय.

२२ फेब्रुवारी

खारू सकाळी गाडीच्या मागे उभी राहून ओरडली, बाबा, बल्ब कुठे आहेत? सत्तावीसला मोठ्या रस्त्याने जायचंय, असं जाता येणार नाही. हे जरा घुटमळले. मग खणातून रुमाल काढून दिला. तिने बल्ब बसवले आणि आंघोळीला गेली. हे पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

मी गाडीत बसून काच पुसत होते. किल्ली लावलेलीच होती. सहज पाय टेकला.

शटर लाल झालं.

पाय उचलला, काळोख. टेकला, लाल. एवढासाच टेकला होता, फुलपाखरू बसावं इतका. मी सोळा तारखेला बल्बच नसताना देवाचे आभार मानून मोकळी झाले होते. असं होतं माझं.

म्हणजे दीड महिना हे आणि खारू एकमेकांच्या जिवावर उठले होते, एक चांगला स्विच कचऱ्यात गेला, तारा फिरवल्या, केक पडला, आणि सगळा वेळ तो माझा पाय होता. इंजिनाचा आवाज बदलला की डावा पाय खाली. त्याने तेवढंच केलं, जे त्याला शिकवलं होतं. आताशा तो खाली जात नाही, फक्त अंग चोरून सरसावतो. पण स्विचला तेवढं पुरतं.

खारूला आत्ता सांगायला हवं. ती न्हाणीघरातून गुणगुणत येईल. आल्यावर सांगते.

२३ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

आज ती माझ्या केसांना तेल लावत होती. अशा वेळी कसं सांगणार?

२५ फेब्रुवारी

दिवसभर स्वतःशी बोलत होते. नाही सांगितलं तर काय होईल? हंस पडेल. ती जुन्या कंपनीत जाईल, रोज संध्याकाळी घरी येईल, तोंड पाडून. सांगितलं तर जाईल, आणि दोन वर्षं तिचं तोंड कसं आहे तेच मला दिसणार नाही. मी मार्क द्यायला बसले. दोन्हींना चारच पडले.

यांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण यांना त्यातलं काय माहीत? उगीच डोक्याला ताप.

२७ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहिते.

बाई माझ्या शेजारी बसल्या. मागे केक, केकच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला चाकाच्या उंचवट्यावर लॅपटॉप घेऊन खारू. आमच्यामध्ये जाळी, तिला बाईंनी मालाला ऊन लागू नये म्हणून कापड बांधलेलं. यांनी केकच्या खोक्याला दोन्ही हात लावले होते, पण धरलं नव्हतं. बाईंनी बजावलं होतं की धरायचं नाही.

निघेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत मोटरच होती. बाई म्हणाल्या, चांगली जाते की. मागून खारूने एक निःश्वास सोडला. तेवढाच. लहानपणी निकालाच्या दिवशी माझ्या पदराआड उभी राहून सोडायची तसा. रस्ता मोकळा झाला, काटा तिशीकडे सरकला, आणि मला आमच्या शाळेतली रांग दिसली. सिस्टर बाकांमधून फिरायच्या. पाय खुर्चीखाली, मुलींनो, घोटे मागे. मी डावा पाय मागे घेतला आणि सीटखाली दुमडून घट्ट धरला.

इंजिन सुरू झालं. आवाज बदलला. पाय सीटखाली तडफडला. खरंच तडफडला, पिशवीतल्या मांजरासारखा. मी सोडला नाही.

गाठ पडली. कळलीही नाही.

असं अकरा वेळा झालं. पोटरीत गोळा आला, मग मांडीत. बाई खिडकीबाहेर बघत बेकरीतल्या माणसांच्या तक्रारी सांगत होत्या. मला निम्मं ऐकू येत नव्हतं. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, आणि पडद्यामागून यांचा आवाज आला. हळू, नेहमीपेक्षा वेगळा.

"अगं, पाय अवघडला असेल. सिग्नल मोठा आहे. जरा मोकळा करून घे."

बाईंनी विचारलं, "कुणाचा पाय?"

मी पाय लांब केला, बोटं हलवली आणि हिरवा व्हायच्या आत पुन्हा मागे घेतला. कापड लावलेलं, यांना मागून माझा पाय कसा दिसला कोण जाणे. कारखान्यातल्या माणसाचे कान, दुसरं काय.

दार उघडलं तेव्हा तिन्ही मजले उभे होते. हंस मान वर करून बसला होता. बाईंनी खिशातून चमचा काढला, खालच्या थरातलं एक बोटभर चाखलं आणि म्हणाल्या, पाच मार्चला माझा टेम्पो येईल, सामान बांधून ठेवा.

खारूने लॅपटॉप फिरवून यांना दाखवला. ब्रेकची रेघ सपाट, फक्त वळणांवर आणि सिग्नलपाशी उठलेली. "बाबा, आज तुमचा स्विच शहाण्यासारखा वागला."

"नवा आला होता," हे म्हणाले. "काल बसवला."

मग दोघांनी मिळून हंस कुणी खायचा यावर भांडण काढलं. मला मार्क विचारले. मी दहा म्हटलं. खारूने ते खोडले नाहीत.

१ मार्च

यांचं वय झालं, हे आज जाणवलं. खणात चाकू शोधत होते तर नव्या स्विचचं पाकीट सापडलं. सील तसंच. बसवला म्हणाले आणि बसवलाच नाही. विसरले असणार. मी पाकीट होतं तसं ठेवून दिलं आणि बोलले नाही. माणसाला अशा गोष्टीचं वाईट वाटतं.

दोन दिवस गॅरेजमध्ये स्टुलावर बसून असतात. खारू वायर गुंडाळते, हे तिला ती दुसऱ्या पद्धतीने गुंडाळायला सांगतात. ती म्हणते, बाबा, तिकडे कोण सांगणार मला? तिने ते चेष्टेत म्हटलं. हे उठून बाहेर गेले. गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक गिअर बदलत होता, तो ऐकायला गेले असावेत. बराच वेळ आले नाहीत.

३ मार्च

काल रात्री एक गोष्ट सुचली आणि उठून बसले. बाईंच्या बारा व्हॅन बारा ड्रायव्हर चालवणार. सगळे माझ्यासारखे, वीस-वीस वर्षं क्लच मारलेले. म्हणजे डावे पाय बारा. आणि केक रोज.

आता गप्प राहणं म्हणजे माझ्या पोरीचं नाव खराब करणं. खारूला समजलं तर ती डब्याला शिकवेल की, पेट्रोल दाबलेलं असताना कुणी ब्रेकला नुसतं शिवलं तर मनावर घेऊ नकोस, जरा थांबून खात्री कर. तिला ते एका दिवसाचं काम आहे. फक्त कारण माहीत हवं.

५ मार्च, सकाळी

टेम्पो दारात आहे. समोरासमोर सांगायला गेले तर मी रडेन आणि ती हसेल, किंवा उलट. म्हणून कुणाला काय द्यायचं ते इथे लिहून हे पान टेम्पोच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो शहाणा वाटतो. बावीस तारखेचं पान या पानाला टाचलं आहे.

केकवाल्या बाईंना: मार्कांचा तक्ता, स्वच्छ अक्षरात. त्यातले माझे मार्क धरू नयेत, खारूने खोडून केलेले धरावेत.

बारा ड्रायव्हरांना: प्रत्येकी एक लाकडी ठोकळा, डाव्या पायाशी, क्लचच्या रिकाम्या जागी बसवायला. सुताराकडून करून घेतले आहेत, खोक्यात आहेत. आणि त्यांना कुणी ओरडू नये. पायाला वेळ लागतो.

खारूला: बावीस तारखेचं पान. तिथे पोहोचल्यावर, पहिल्या सकाळी, चहा झाल्यावर द्यावं. आधी नको, अर्ध्या वाटेवरून परत येऊन भांडेल. तिची निळी शाल, ती मी लपवून ठेवली होती. आणि बाबा.

होय, बाबाही. यांना विचारलेलं नाही, विचारलं तर नाही म्हणतील. यांची बॅग मी भरून टेम्पोत, गिअरबॉक्सच्या मागे ठेवली आहे. निघताना गिअरबॉक्स धरून बसा म्हटलं की हे आपणहून चढतील. चष्मा, डोळ्यांचे थेंब, तीन महिन्यांचे कपडे. थेंब दिवसातून दोनदा, आठवण करावी लागते. बारा गिअरबॉक्स आहेत तिथे, आणि वायर चुकीची गुंडाळणारी माणसंही पुष्कळ असतील. मी येत नाही. मी असले की मधे पडते आणि मग तुम्हाला धड भांडता येत नाही.

तीन महिन्यांनी परत पाठवावेत. बसमध्ये खिडकीपाशी बसवू नये आणि घरचा पत्ता वरच्या खिशात ठेवावा. वाटेत एखाद्या गाडीचा आवाज आवडला की हे उतरतात.